रपट्यावरचा बांबू

खैरटोला, ता. लाखांदूर
१ सप्टेंबर २०२५

चि. हर्षास मोठ्या बाबांचे पोटभर आशीर्वाद.

फोन असताना पत्र काहून, असं तू म्हणशील. फोनवर माझा आवाज आपोआप मोठा होतो आणि घरातलं गुपित पानठेल्यावर माझ्या आधी पोचतं. आणि हे प्रकरण गुपित आहे.

पोळ्याला आलीस तेव्हा तू तुझ्या दिल्लीच्या कचेरीचं काम सांगितलंस. कोणत्या देशाचा पैसा कोणत्या देशात जातो यावर नजर ठेवायची, आणि एक देश ठेचाळला तर त्याच्या मागे कोण कोण पडेल ते आधी सांगायचं. मी हे पानठेल्यावर सांगितलं. मारोतराव म्हणाला, "पैसा जाते थे आमाले बी मालूम आहे. येते कोठून, थे विचारा पोट्टीले." त्याला अर्थशास्त्र कळत नाही, सोड.

मला मात्र कळलं. बाजाराच्या दिवशी मी नाल्यावरच्या रपट्यावर, त्या बिनकठड्याच्या बुटक्या पुलावर, जाऊन बसलो आणि नजर ठेवली. आपल्या गावचा माणूस पलीकडे चिचबोडीला जाताना खिसा भरलेला असतो. येताना पिशवी भरलेली असते आणि खिसा रिकामा. पिठाची चक्की त्यांच्याकडे, राजकुमारचं दाढीकटिंगचं दुकान त्यांच्याकडे, तलावातले शिंगाडे त्यांचे. आपल्याकडे काय, तर वांगी, परसरामचा मंडप आणि मी.

तुझ्या मोठ्या आईचा सख्खा भाऊ, म्हणजे माझा साळा, चिचबोडीचा मधुकरराव, पोळ्याच्या तोरणाखाली चार लोकांत काय म्हणाला ते तू ऐकलंस. "भाऊजी, तुमचं गाव आमच्या गावावर जगून राहिलं." तेव्हा मी हसलो. पण ते हसणं अजून घशात आहे.

तर मोठे देश अशा वेळी काय करतात, ते सविस्तर कळव. पाकीट कचेरीचंच वापर. पोस्टमन ते सगळ्यांना दाखवत आणतो.

तुझा,
कृष्णराव (अध्यक्ष, मंडई समिती)


नवी दिल्ली
९ सप्टेंबर २०२५

ती. मोठे बाबा,
सा. न.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची बाई पाणी घेऊन आली.

विचारलंत म्हणून सांगते. एखाद्या देशाला वाटलं की आपला पैसा शेजाऱ्याकडे फार चालला, तर तो सीमेवर कर बसवतो. बाहेरून येणारा माल महाग होतो. मग लोक आपलाच माल घेतील, अशी आशा असते.

कृपा करून पान उलटा, खरी गोष्ट मागे आहे.

(मागील पान) मोठे बाबा, असं सहसा होत नाही. कर लावला की शेजारीही लावतो. शिवाय तो कर शेवटी आपल्याच माणसाच्या खिशातून निघतो. तुम्ही जाणारा पैसा पाहिलात, पण तो परत कसा येतो ते पाहिलं नाहीत. राजकुमार तुमच्याकडून मिळालेल्या पैशाने आपलीच वांगी नेतो. चक्कीवाल्याच्या घरच्या लग्नात मंडप परसरामचाच होता. पैसा रपट्यावरून जातो आणि फिरून रपट्यावरूनच येतो. म्हणून काहीही करू नका. मधुकरमामा थट्टेत बोलले असतील. मोठ्या आईला नमस्कार.

तुमची,
हर्षा


खैरटोला
१८ सप्टेंबर २०२५

चि. हर्षास आशीर्वाद.

तुझं पहिलं पान इतकं मुद्द्याचं होतं की दुसऱ्याची गरज पडली नाही. रपट्याच्या आपल्या टोकाला बांबू लागला आहे. एका बाजूला दगड बांधला, दुसऱ्या बाजूला दोरी. दोरी सोडली की बांबू वर जातो. दगड चांगला जड हवा होता म्हणून तुझ्या मोठ्या आईचा पाटा वापरला. त्या दिवसापासून घरात चटणी नाही, पण देशासाठी तेवढं सोसावं लागतं.

कर मालाच्या रूपात घेतो. शिंगाड्याच्या टोपलीमागे एक ओंजळ. जमा झालेला कर ठेवायला खजिना नाही, म्हणून मी तिथेच बसून खातो. पोट थोडं बिघडलं आहे.

राजकुमारला वस्तरा घेऊन या गावात यायला बंदी आणि आपल्या माणसांना त्याच्याकडे जायला बंदी. मी स्वतः त्या दिवसापासून दाढी केलेली नाही. आरशात मला आपल्या आंबागडच्या किल्ल्यावरचा कोणी जुना सरदार दिसतो. बाकीच्या लोकांच्या दाढ्या मात्र का वाढत नाहीत, ते कळत नाही. मारोतरावाचा गाल तर कालच धुतलेल्या ताटासारखा होता. विचारलं तर म्हणतो, "चिंतेनं केस येत नाई, अध्यक्ष." गावाची एवढी चिंता त्याला आहे हे मला माहीत नव्हतं.

मधुकररावानेही पलीकडच्या टोकाला बांबू लावला. आपल्या वांग्यांवर कर. माझाच पाहून लावला, त्याला स्वतःचं डोकं नाही. आता मधल्या रपट्यावर कोणाचंच राज्य नाही. तिथे एक म्हैस बसते.

तुझा,
मोठे बाबा


नवी दिल्ली
२६ सप्टेंबर २०२५

ती. मोठे बाबा,
सा. न.

तुम्ही दुसरं पान वाचलं नाही. मी रागावायला हवं होतं, आणि रागावलेही. पण तेवढ्यात एक गंमत झाली.

आमच्या साहेबांना एका मोठ्या बैठकीत समजावून सांगायचं होतं की दोन शेजारी देशांनी एकमेकांचा माल अडवला तर काय होतं. कोणालाच त्यांचे आलेख कळेनात. मी सहज खैरटोला आणि चिचबोडी सांगितलं. साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, यावर दिवाळीनंतर तूच बोलायचं. मोठे बाबा, इथे मला अजून कोणी 'चहा घेणार का' याच्यापलीकडे काही विचारलेलं नव्हतं.

म्हणून थोडी माहिती कळवा. बांबू लागल्यापासून पलीकडून काय यायचं थांबलं, काय कमी झालं, लोक आता कशाच्या जागी काय घेतात. आणि मला लाज वाटते लिहायला, पण बांबू आणखी थोडे दिवस राहिला तरी चालेल. दिवाळीपर्यंत काढाच, म्हणजे झालं.

तुमची,
हर्षा


खैरटोला
७ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षास आशीर्वाद.

दिल्लीच्या बैठकीत खैरटोल्याचं नाव निघणार हे वाचून मी पाकीट समितीच्या फळ्यावर लावलं. आता बांबू काढणं माझ्या हातात राहिलं नाही, तो राष्ट्रीय झाला.

माहिती घे. शिंगाडे: पूर्ण बंद. (घरोघरी अंगणात शिंगाड्याची सालं दिसतात, ती जुनी असावीत.) पीठ: चक्कीवर जाणं पूर्ण बंद, लोक बहुधा भातच खातात. दाढी: माझ्यापुरती पूर्ण बंद.

आता वाईट बातमी. आपली मंडईची जत्रा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भरते आणि चिचबोडीची त्यानंतर दोन दिवसांनी, हे तुझ्या आज्यापासून चालत आलेलं. तू लहानपणी दोन्हीकडे जिलेबी खायचीस. आपल्या मंडईला ते लोक आपल्या घरोघरी जेवायला येणार, त्यांच्या मंडईला आपण त्यांच्याकडे. यंदा मधुकररावाने त्यांची मंडई आपल्याच दिवशी ठेवली. निरोप पाठवला की, "पहिल्या मंडईले लोकायचा खिसा भरला रायते, दुसरीले फाटका. आता आमी बी पहिले."

मीही मागे हटणारा नाही. सगळ्यांना सांगितलं, दुप्पट रांधा, दुप्पट दुकानं लावा. पाहुणे कोणाकडे जातात ते पाहू. अडचण एकच. दंडारीच्या नाटकात राजा आपला परसराम असतो, पण राणी दरवर्षी राजकुमारच होतो. परसरामला म्हटलं, यंदा राणीशिवाय कर. तो म्हणाला, "मंग मी रुसू कोणावर?" नाटकातलं मला फारसं कळत नाही, पण त्याचा प्रश्न बरोबर वाटला.

आणि एक. तुझी मोठी आई माझ्याशी बोलत नाही. भाऊबीजेला ती चिचबोडीला मधुकररावाला ओवाळायला जाते, लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकलं नाही. तिला म्हटलं, तुझ्यासाठी कर माफ, बांबूखालून वाकून जा. ती म्हणाली, "माहेरी जायाले मी वाकन नाई." मग मी म्हटलं, बांबू तर समितीचा आहे, तुझ्या एकटीसाठी कसा उचलू. ते बोलून झाल्यावर मला वाटलं की हे बोलायला नको होतं. पण अध्यक्ष एकदा बोलला की बोलला.

तुझा,
मोठे बाबा


खैरटोला
१० ऑक्टोबर २०२५

हर्षा बाई,

मी सत्यभामा. मले तुमच्यासारखं लिवता येत नाई, बोलतो तसंच लिवतो. हे पत्र यायले, तुह्या मोठ्या बाबाले, मालूम नाई.

थो बांबू तुह्या पत्रानं लागला. पाटा माहा गेला. महिना झाला, पोरी, मी चटणी वाटली नाई. सुरवातीले हे रोज शिंगाडे खाऊन आले अन् रोज मीच ओवा देल्ला.

तुले एक गोष्ट सांगतो, यायले सांगजो नोको, यायचं मन मोडन. रपट्यावर बांबू आहे, पण खाली नाल्यात पाणी घोट्याएवढंच रायलं. सारं गाव खालून जाते. दळण बी तिकडंच, दाढी बी तिकडंच, शिंगाडे बी येऊन रायले. मारोतराव तं यायच्याशी बांबूपाशी गोष्टी करते अन् त्याची सायकल खालून त्याचा पोरगा नेते. बंद फक्त दोघं आहेत. एक हे, एक मी. हे, कारण यायले मालूम नाई. मी, कारण मी चोरावानी माहेरी जाणार नाई. ज्या रस्त्यानं वरात आली त्याच रस्त्यानं जाईन.

माहा भाऊ बी तसाच आहे. दोन बैल एका दावणीचे. लहानपणी मी त्याले कडेवर घेऊन फिरलो, आता थो मले बांबू दाखवते.

भाऊबीजेले त्याले ओवाळल्याशिवाय मी जेवत नाई. यंदा कशी जेवन थे तू सांग. तुह्या पत्रानं लागला तं तुह्या पत्रानंच निघाले पायजे.

तुही,
मोठी आई


नवी दिल्ली
१५ ऑक्टोबर २०२५

ती. मोठे बाबा,
सा. न.

हे पत्र एकाच पानाचं आहे. मुद्दाम. उलटायला काही नाही.

चूक माझी आहे. मला बैठकीत मिरवायचं होतं, म्हणून मी बांबू राहू द्या असं लिहिलं. साहेबांना मी सांगितलं की माझी माहिती कच्ची आहे, आणि का कच्ची आहे तेही सांगितलं. ते तुम्हाला सांगता येत नाही, शपथ आहे. साहेब म्हणाले, "आपल्या तक्त्यातल्या प्रत्येक देशाला असं काहीतरी असणार." मग त्यांनी स्वतःच माझ्यासाठी चहा मागवला.

आता मंडईचं ऐका. जगातले सगळे देश म्हणतात, आम्ही विकू, घेणार कोणाकडून नाही. सगळेच विकणारे झाले तर घेणार कोण? तुम्ही दुप्पट रांधणार, तेही दुप्पट रांधणार. तुमच्या घरी जेवायला येणारे तेच, आणि त्यांच्या घरी जाणारे तुम्हीच. मग त्या दिवशी पाहुणा कोण असेल, मोठे बाबा?

भाऊबीजेच्या आधी बांबू उचला. अध्यक्ष म्हणून नको, मोठ्या आईचे म्हणून उचला.

तुमची,
हर्षा


खैरटोला
२५ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षास आशीर्वाद.

तुझं पंधरा तारखेचं पत्र आज मिळालं. दिवाळीच्या सुट्ट्यांत ते कुठेतरी पडून राहिलं. वाचलं आणि कपाळावर हात मारला, कारण ते सगळं काल घडून गेलं होतं.

क्रमाने सांगतो. भाऊबीजेला तुझी मोठी आई नवं लुगडं नेसून, ताट घेऊन रपट्यावर गेली. मी दोरी धरून बांबूपाशी होतो. पलीकडे मधुकरराव त्याच्या बांबूपाशी. मध्ये म्हैस. तिने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, ताटातला दिवा विझेपर्यंत थांबली आणि घरी आली. जेवली नाही. मला फार वाईट वाटलं. मी पण जेवलो नाही, पण ते तिने पाहिलंच नाही, त्यामुळे फुकट गेलं.

काल मंडई. सकाळी दुकानं लागली, आकाशपाळणा उभा झाला. घरोघरी कोंबडीचा रस्सा आणि टोपलीभर वडे. अकरा वाजले, बारा वाजले. पाहुणा एकही नाही. आपल्याकडे पाहुण्याने ताटाला हात लावल्याशिवाय घरचा माणूस जेवत नाही, हे तुला माहीत आहे. सारं गाव भरल्या हंड्याशेजारी उपाशी बसून रस्त्याकडे पाहत होतं. आकाशपाळण्यात पाळणेवाला एकटा फिरत होता. मांडवात परसराम राजा सिंहासनावर बसून जांभया देत होता. पलीकडून चिचबोडीचा ढोल ऐकू येत होता, पण तोही उपाशी माणसाने वाजवल्यासारखा.

पाहुणे कुठे अडकले ते पाहायला मी रपट्यावर गेलो. पलीकडून मधुकररावही त्याच कामाला आला होता.

तो म्हणाला, "भाऊजी, या जेवाले."

मी म्हटलं, "तुमी या. आमच्याकडं रस्सा भल्ला झाला."

"मी आलो तं आमची मंडई पडली ना."

"अन् मी आलो तं?"

असे आम्ही उभे. दोघांच्याही पोटातला आवाज दोघांनाही ऐकू येत होता. मागे वळून पाहतो तर आपलं गाव हळूहळू रपट्याशी जमलेलं, त्याच्या मागे त्याचं गाव. राजाही आला होता, मुकुटासकट. आणि त्यांच्याकडून राजकुमार, राणीच्या साडीत, हातात वस्तरा. राणीला एकटीला काही काम नव्हतं म्हणून तो मांडवामागे दाढ्या करत होता.

तेवढ्यात तुझी मोठी आई आली. तेच ताट, नवा दिवा. बांबूपाशी उभी राहिली. आदल्या दिवसापासून उपाशी होती, तरी एका हाताने दिवा वाऱ्यापासून झाकत होती. मी तो हात पाहिला.

हर्षा, मी दोरी सोडली. पाटा धाडकन खाली आला आणि बांबू वर गेला. समितीला विचारलं नाही. पलीकडे मधुकररावाने तर दोरी सोडायचीही वाट पाहिली नाही, बांबू खांद्याने उचलून नाल्यात टाकला. तेव्हा मला पहिल्यांदा खाली नाला दिसला. त्यात सायकलच्या चाकांच्या इतक्या खुणा होत्या की लाखनीच्या हायवेला लाज वाटावी. मी मारोतरावाकडे पाहिलं. तो आपला गुळगुळीत गाल खाजवत दुसरीकडे पाहू लागला.

रपट्याच्या मधोमध म्हैस उठवून तिने भावाला ओवाळलं. त्याने ताटात पैसे टाकले आणि रडायला लागला. म्हणाला, "बाई, मी थट्टा केल्ती." तिने ते पैसे उचलून माझ्या हातात ठेवले. म्हणाली, "हे घ्या. चिचबोडीचा पैसा खैरटोल्यात आला. दर साली येते. तुमी कधी धरलाच नाई."

मी ते पैसे मुठीत धरले. दर वर्षीची ओवाळणी, आपल्या शेतातल्या धानाचं पहिलं बियाणं, गोठ्यातली गाय, सारं त्याच रपट्यावरून आलेलं आहे. आणि तीही. मी त्या रपट्यावर दिवसभर नजर ठेवून बसलो, पण ज्या बाईने घरून माझ्यासाठी चहा पाठवला ती कुठून आली हे धरायचं विसरलो. तुमच्या तक्त्यात याला रकाना असेल तर कळव.

मग जेवण. कोण कोणाकडे जेवलं ते सांगणं कठीण आहे, हंडे रपट्यावरच आले. दंडार तिथेच झाली, राजा मनसोक्त रुसला. आणि माझी दाढी राजकुमारने राणीच्या वेषातच काढली. फोटो निघाला आहे, तो बैठकीत दाखवू नकोस.

तुझा,
कृष्णराव (माजी अध्यक्ष)

ता. क. हर्षा, मी सत्यभामा. पाटा घरी आणला, चटणी वाटली. पुढच्या सालची मंडई वेगळ्या दिवशी ठरली. पण पहिली कोणाची, याच्यावर कालपासून पुना तोंड लागलं. हे म्हणते, "पहिली तुमची." माहा भाऊ म्हणते, "नाई भाऊजी, पहिली तुमची." दोघं बी ऐकून नाई रायले. भांडू दे. आपला बांबू मी चुलीत घातला, अन् त्याच्यावर यायच्या आंघोळीचं पाणी तापवलं.